दादाच्या वाटची वचनं

संध्याकाळी सातला आमच्या घरी भूक लागून काही उपयोग नसे. भाकऱ्या टोपलीत झाकलेल्या असत, कालवणाचा वास नाकात शिरत असे. पण आधी शास्त्रवाचन, म्हणजे बायबलचं वाचन, मग जेवण. बाहेरच्या खोलीत सतरंजी पडायची आणि तिच्यावर आम्ही बारा जण गोल करून बसायचो. बाबा, आई, बाबांची विधवा बहीण म्हणजे आमची आत्या, आणि मग वयाप्रमाणे आम्ही नऊ भावंडं. गल्लीत आम्हाला मास्तरांची पलटण म्हणत. बाबा मिशनच्या शाळेत मास्तर होते, आणि घरी आले तरी मास्तरच राहत.

रोज एक अध्याय, रविवारी दोन. पहिलं वचन बाबा वाचणार, दुसरं आई, तिसरं आत्या, आणि अशी फेरी अध्याय संपेपर्यंत चालणार. ताप आला तरी अंथरुणातून वाचायचं. तीन वर्षांत अख्खं शास्त्र संपायचं. एकतीस डिसेंबरला त्या वर्षाचा वाटा पुरा झाला, की बाबा शेवटच्या कोऱ्या पानावर निळ्या पेन्सिलीने साल लिहीत. एक वचन जरी घरात मोठ्याने वाचायचं राहिलं असेल, तर साल लिहायचं नाही, असा त्यांचा बाणा होता.

मी सातवी. म्हणजे गोलात दहावी. बाबांनी पुस्तक उघडलं की मी लगेच दहावं वचन शोधून मनातल्या मनात घोकायची, कारण जोडाक्षरं आडवी आली की भाऊ हसत. मधली नऊ वचनं माझ्या कानावरून नुसती जायची. हे पाप बाकीचेही करत होते, हे मला फार उशिरा कळलं.

दादा भावंडांत दुसरा, अक्काच्या पाठचा. त्याचं वचन पाचवं. सत्तरचं दशक नुकतंच लागलं होतं तेव्हा, जानेवारीत, त्याला उद्यमनगरातल्या एका फाउंड्रीत काम लागलं. आईने साखर वाटली. रात्रीच्या जेवणाला बसल्यावर तो म्हणाला, "फकस्त सुट्टी सोमवारी हाय."

आमच्याकडचा रविवार काय असतो ते सांगायला हवं. बूटपॉलिश शनिवारी, दळण शनिवारी, निवडणं-टिपणं शनिवारी. रविवारी तुटलेलं बटणसुद्धा कुणी लावायचं नाही. सकाळी सगळ्यांनी ओळीने देवळात, म्हणजे चर्चमध्ये, जायचं आणि आमच्या पलटणीने एक अख्खा बाक अडवायचा.

"दुसरा कारखाना बघ," बाबा म्हणाले.

"समद्यांचीच सोमवारी हाय की, बाबा."

"मग ह्या छपराखाली राहून रविवारी कामाला जाता येणार नाही."

आवाज चढला नाही. आमच्या घरात तो कधी चढतच नसे, हीच तर पंचाईत. दुसऱ्या दिवशी दादाने ट्रंक उचलली आणि फाउंड्रीच्या मागे एका मित्राच्या खोलीत राहायला गेला. आई दारात उभी राहिली आणि पदर तोंडात कोंबून आत आली.

त्या संध्याकाळी मी हिशोब केला, की आता आपण अकरा जण उरलो, म्हणजे माझं वचन नववं. मी नववं घोकलं. बाबा, आई, आत्या, अक्का असं वाचून झालं. पुढे दादाच्या पाठची ताई. तिने पाचव्यासाठी श्वास घेतला आणि बाबांनी हात वर केला. एक वचन वाचायला जेवढा वेळ लागतो, तेवढा वेळ सगळे गप्प. मग बाबा ताईला म्हणाले, "सहावं वाच."

माझी पाळी आली तेव्हा मी घोकलेलं नववं घडाघडा म्हणून टाकलं. ते माझ्या आधीच्या भावाने आत्ताच वाचलं होतं. पोरं फिदीफिदी हसायला लागली.

"नववं झालं," बाबा म्हणाले. "तुझं काल दहावं होतं. आजही दहावंच."

"पण दादा नाही ना आता," मी म्हटलं आणि रडायला लागले. मग कुणी हसलं नाही.

त्या दिवसापासून पाचवं आणि सतरावं वचन रोज तसंच राहायचं. अध्याय लांब असला तर एकोणतिसावंही. आत्या स्वयंपाकघरात फणकारायची, "पोराचं घर तोडलं ते तोडलं, वाचनबी तोडलं. देवाच्या पुस्तकातनंसुदिक काढलं त्याला." आम्हाला ते पटलं. उन्हाळ्यात एकदा अक्काने दुसऱ्या फेरीत वाचताना चुकून सोळाव्याला जोडून सतरावंही वाचायला घेतलं, तर बाबांनी पुस्तकावर हात ठेवला. "ते तुझं नव्हे." अक्का कानाच्या पाळीपर्यंत लाल झाली. मला बाबांचा राग आला, आणि तो राग मी वर्षभर नीट जपून ठेवला. आमेन झाल्यावर ते पुस्तकात पेन्सिलीने काहीतरी करायचे. आमच्या चुका टिपतात, असं आम्ही धरून चाललो होतो.

दादा सोमवारी यायचा. आम्ही सगळे शाळेत असताना मागच्या दाराने येऊन जेवायचा आणि जाताना काहीतरी दुरुस्त करून जायचा. संध्याकाळी घरी आलं की कधी स्टोव्हचा पंप नीट झालेला असायचा, कधी कडीचा खिळा. बाबा ती कडी लावायचे, त्या स्टोव्हवरचा चहा प्यायचे, आणि कुणी दुरुस्त केलं हे चुकूनही विचारायचे नाहीत. आईही तोंडातून अक्षर काढायची नाही. असा तो दोघांचा करार होता, बहुतेक न बोलताच झालेला.

गुड फ्रायडेच्या तीन तासांच्या उपासनेला बाकावर दादाची जागा मोकळी होती. मे महिन्यात देवळातले पाळकसाहेब समजूत घालायला आले आणि नुसता चहा पिऊन गेले. पाऊस आला, पंचगंगेला पूर येऊन गेला. कापणीच्या सणाला आमच्या देवळात जो तो आपल्या कष्टाचं काही घेऊन येतो. ऊस, भोपळे, पायाला दोरी बांधलेली कोंबडी. त्या वर्षी आईने पिशवीतून एक बिडाचा खलबत्ता आणला आणि भोपळ्यांच्या मधोमध ठेवला. दादाने स्वतः ओतलेला. बाबा त्याच्यासमोर थांबले, बत्ता उचलला, हातात तोलला आणि परत ठेवून बाकावर जाऊन बसले. आई त्यांच्याशी दोन दिवस बोलली नाही. मी तर मनात ठरवूनच टाकलं, की हा माणूस दगड आहे.

डिसेंबरात, नाताळच्या आधीच्या रविवारी मला गालगुंड झालं. त्या संध्याकाळी मी कशीबशी पुटपुटत वाचलं. सोमवारी तोंडच उघडेना. मी मधल्या खोलीत गालाला लेप लावून पडले होते, आई करंज्या लाटत होती, आणि बाबा घरीच होते. त्यांनी रजा टाकली होती. मला आठवतं तेव्हापासून त्यांनी कधी रजा घेतली नव्हती. आईच्या हातातलं लाटणं सारखं थांबत होतं.

बाराच्या सुमाराला मागची कडी वाजली. दादा आत आला आणि पाटावर बसलेल्या बाबांना बघून उंबऱ्यातच उभा राहिला.

"पाय धुऊन ये," बाबा म्हणाले. "जेव."

तो जेवला. घास गिळल्याचा आवाज मला आतपर्यंत ऐकू येत होता. त्याने हात धुतल्यावर बाबांनी शास्त्र त्याच्यापुढे उघडून ठेवलं. मी अंथरुणातून मान लांब केली. समासात, वचनाच्या आकड्याशेजारी निळी खूण. पान उलटलं, पुन्हा खूण. पाचवं, सतरावं, पाचवं, सतरावं.

"जानेवारीपासूनची आहेत. एकतीस तारखेच्या आत व्हायला पाहिजेत."

दादा पानं चाळत राहिला. "ही समदी माझी?"

"तुझीच. दुसऱ्याला कशी देऊ?"

दादा वाचायला लागला. एकात तंबूच्या खांबांची लांबी, दुसऱ्यात कुणाची तरी शेरडं, तिसऱ्यात अमक्याचा मुलगा तमका. मागचं नाही, पुढचं नाही, कशाचा कशाला मेळ नाही. मध्येच त्याला हसू फुटलं, आणि बाबाही हसले. मग एका साध्याच वचनावर, बहुतेक गव्हाच्या पिठाबद्दलच्या, दादाचा आवाज गेला. बाबा थांबले, घाई केली नाही. तो पुन्हा पहिल्या शब्दापासून वाचू लागला. आई पिठाच्या हातांनी दारात बसली होती आणि तिची कढई जळत होती.

चहाच्या वेळेपर्यंत तो वाचत होता. संपल्यावर बाबा म्हणाले, "रविवारचा जाब तू देवाला दे. मला ते पटलेलं नाही, पटणारही नाही. पण सातचं वाचन चुकवायचं नाही. कामावरून थेट इथंच येत जा."

"ट्रंक आणू?"

"मग काय ट्रंकेशिवाय राहणार?"

सातला सतरंजी पडली. दादा अक्का आणि ताईच्या मध्ये बसला. कुणाला सरकावं लागलं नाही, कारण वर्षभर ती जागा कुणी घेतलीच नव्हती. मला बाबांनी गोधडीसकट उचलून माझ्या जागेवर बसवलं. दादाने पाचवं वाचलं. सहावं, सातवं, आठवं, नववं. मग माझी पाळी आली आणि माझा जबडा हलेना. माझ्या पाठच्या भावाने दहाव्यासाठी श्वास घेतला.

बाबांनी हात वर केला. सगळे गप्प बसले. तेवढ्या वेळात मी माझं दहावं वचन मनात वाचून संपवलं, आणि आमेन झाल्यावर बाबांनी त्याच्याशेजारी निळी खूण केली.