अर्धी ऐकलेली गोष्ट

दोह्यातल्या नजमा भागात आमच्या शेजारच्या खोलीत आज भिंतीला ड्रिल मारत होते. तापलेल्या सिमेंटचा वास आला आणि माझा जुना मूर्खपणा आठवून पुन्हा चीड आली.

दोह्यात येऊन तेव्हा महिनाच झाला होता. कंपाउंडची भिंत फोडायला साइटवर मशीन आलं. मला वाटलं, आता आपल्याला घरी पाठवणार. सातवीत गुरुजी एका अमेरिकन मजुराची गोष्ट सांगत होते. तो हातोडा घेऊन मशीनशी शर्यत लावतो आणि जिंकतो. तास संपला, गोष्ट अर्धीच राहिली आणि त्याच आठवड्यात माझी शाळाही सुटली. म्हणून मीही भर उन्हात, पाणी न पिता, मशीनशेजारी घाव घालत राहिलो. शेवटी डोळ्यांपुढे अंधारी आली.

फोरमन सावंतमामा धावत आले. मी धापा टाकत गोष्ट सांगितली.

"मग पुढे?"

"पुढे काय? जिंकला."

"अरे गाढवा, जिंकला आणि तिथंच मेला तो! खलास! उद्यापासून मशीन तूच चालवायचं. आधी पाणी पी."

तेव्हा चारचौघांत ओरडले म्हणून मी रुसलो होतो. आता आठवतं, माझ्या तोंडाला बाटली लावताना ते उन्हाकडे पाठ करून माझ्यावर सावली धरून उभे होते.