भायांच्या नाटकातली माझी गाणी

आमच्या घरात धाकट्या सुनेनं भायांशी थेट बोलायचं नसतं. भाया म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ. मी शाळेत शिकवते, वेळ आली तर मुख्याध्यापकांशी तावातावानं भांडून येते. पण मानवतच्या या घराचा उंबरा ओलांडला की माझं तोंड बंद. सांगायचं ते जावेला सांगायचं, जाऊ त्यांना सांगणार. ते तिथंच खुर्चीत बसलेले असतात, त्यांना सगळं ऐकू येत असतं, तरीही. याला आमच्याकडे मर्यादा म्हणतात. मी काय म्हणते ते इथं लिहिण्यासारखं नाही.

भायांना नाटकाचं वेड. दरवर्षी परभणीच्या स्पर्धेत त्यांचं नाटक असतंच. त्या वर्षी त्यांनी आईबाप ऊसतोडीला गेल्यावर गावात मागं राहिलेल्या मुलीची गोष्ट घेतली. त्यात गाणी हवी होती, आणि मी माहेरी गाणी लिहायचे हे जावेनंच त्यांच्या कानावर घातलं. मग आमचं काम सुरू झालं. मी स्वयंपाकघरात भाकरी थापायचे, भाया बाहेर बैठकीत, जाऊ मधल्या दारात उभी.

"दुसऱ्या कडव्यात पोरीला दम घ्यायला जागाच न्हाई," भाया भिंतीकडं बघून म्हणायचे.

"दम घ्यायला जागा न्हाई म्हणायलेत," जाऊ मला सांगायची.

"त्यांना म्हणावं अक्का, ओळ तोडू नका, चाल हळू करा."

"चाल हळू करा म्हणायलीय."

खोटं कशाला बोलू, ते दिवस मला आवडले. भायांचा कान चांगला. कच्चा शब्द ते बरोबर हुडकून काढायचे आणि मी चिडून दुसरा शोधायचे, तो पहिल्यापेक्षा बरा निघायचा. 'कोयता आईच्या हाती, चूल माझ्या हाती, शाळेच्या वाटेवरती उडे एकटीच माती' हे जमलं तेव्हा भायांनी ते बैठकीत दोनदा गुणगुणून पाहिलं. मग ते जावेला म्हणाले, "हे राहू दे." भायांच्या तोंडून याहून मोठी दाद कुणाला मिळालेली मी ऐकली नाही.

पहिली कुरबुर शेवटच्या कडव्यावरून झाली. माझे वडील पालमकडच्या गावांत भीमगीतांची गायन पार्टी घेऊन फिरायचे. त्यांच्याकडे रीतच अशी की लिहिणाऱ्याचं नाव गाण्याच्या शेवटच्या कडव्यात गुंफायचं. गाणं कुठंही गेलं, कुणीही गायलं, तरी ते कुणाचं हे गाणंच सांगतं. त्याच सवयीनं मीही माझं नाव घातलं होतं. भायांनी ते कडवं काढायला लावलं. गाणारी मुलगी नाटकातली आहे, ती कवयित्रीचं नाव कशी घेईल, असं त्यांचं म्हणणं. ते बरोबरच होतं, म्हणून मला जास्त राग आला. कडवं काढलं आणि गाणी अनाथ झाली.

तालमी सुरू झाल्या. नाटकातली मुलगी म्हणजे जावेचीच लेक, माझी पुतणी. मी तालमीला बसायचे ते बायकांच्या बाजूला, गप्प. गाणी सगळ्यांना भायांच्या तोंडून मिळाली होती. "सर, काय लिहिलंय तुमी!" असं कुणी म्हणालं की भाया हो म्हणायचे नाहीत आणि नाहीही म्हणायचे नाहीत. "चला, पुढचा प्रसंग," एवढंच.

शाळेतली एक बाई कायद्याची जाणकार. ती म्हणाली, "नाटक बसवायच्या आधीच लिहून घ्यायचं असतं गं. गाणी माझी, या नाटकापुरती दिली, जाहिरातीत नाव आलं पाहिजे, आणि खाली दोघांच्या सह्या."

"अगं, ज्या माणसाला मी चहा घ्या असं म्हणत नाही, त्याच्याकडे सही मागू?"

ती हसली, मीही हसले. घरी येताना मात्र माझं डोकं फिरलं होतं. जाहिरात छापून आली. लेखन, गीते, दिग्दर्शन, आणि पुढं भायांचं एकट्याचं नाव. मी जावेला म्हटलं, "त्यांना विचारा अक्का, गीते कुणाची?" बैठकीत भाया होतेच. जाऊ दारात उभी राहिली, पण त्या दिवशी तिच्या तोंडून शब्द फुटेना. शेवटी भायाच भिंतीला म्हणाले, "घरातलंच हाय की. आडनाव तर एकच हाय."

नवऱ्यानंही तेच सांगितलं. मी म्हटलं, गाणी काढून घेते. मग जाऊ आत आली, माझा हात धरला. "पोरीचं पयलं काम हाय गं. गाणी न्हाई म्हणलं तर ती करील काय?" या घरात मला जीव लावणारं माणूस तेवढं एकच होतं. मला त्या घरातून धावत सुटावंसं वाटलं, आणि मी कणीक मळायला घेतली.

प्रयोगाच्या संध्याकाळी पडद्यामागं एकच धांदल. नाटकाआधी नावं पुकारणारा मास्तर तापानं आला नव्हता. भाया इकडंतिकडं बघत होते. मग ते सरळ माझ्यासमोर आले. भिंत नाही, जाऊ नाही.

"तू बोल. तुझा आवाज चांगला हाय."

लग्न होऊन आल्यापासून ते पहिल्यांदा माझ्याशी बोलले. इतकी वर्षं मी मनात काय काय साठवलं होतं! समोर माणूस उभा, त्याचे डोळे माझ्याकडं, आणि मी म्हणाले, "हो."

माईक हातात आला. पलीकडं नाटकातली वेशभूषा करून पुतणी उभी, घाबरलेली, माझ्याकडं बघत. मी वाचलं. लेखन, गीते, दिग्दर्शन. पुढं भायांचं नाव, संपूर्ण, स्पष्ट. टाळ्या पडल्या.

नाटक छान झालं. पोर रडवून गेली लोकांना. बाहेर मांडवाखाली माझे वडील उभे होते, मुद्दाम एसटीनं आलेले. ते पायांत चपला सरकवत होते, वर बघत नव्हते.

"आवाज तुझाच होता ना?"

"हो बाबा."

"गाणी लय चांगली हायत," ते म्हणाले. "ज्यानं लिहिली त्याला माझा जयभीम सांग."

मी म्हणाले, "सांगते."