बाबांच्या गेमसाठी हेडफोन

आमच्या घरातून दिवसभर गोळीबाराचे आवाज येतात, अशी तक्रार आली तेव्हा आईला जाऊन महिना झाला होता. तक्रार म्हणजे काय, वर्तकनगरात कुणी तोंडावर तक्रार करत नाही. शेजारच्या काकू पिठाची चाळण परत द्यायला आल्या आणि दारातच उभ्या राहून म्हणाल्या, "काय गं, भाऊ आलाय का पुण्याहून? नाही, गेमचा आवाज येतो म्हणून विचारलं." भाऊ तेरावा-चौदावा उरकून परीक्षेसाठी हॉस्टेलवर परत गेलेला, हे त्यांना चांगलं माहीत होतं. त्याला बसमध्ये बसवून द्यायला त्यांचेच यजमान खोपटच्या एसटी स्टँडपर्यंत गेले होते. मी म्हटलं, "नाही काकू, बाबा खेळतात." काकू "अस्सं" म्हणाल्या. त्या "अस्सं"मध्ये अख्खी बिल्डिंग बोलत होती.

बाबा खेळत होते हे खरंच होतं. भावाचा जुना व्हिडिओ गेम, टीव्हीला जोडायचा, त्याने कधीतरी हट्ट करून घ्यायला लावलेला, कपाटावर धूळ खात पडला होता. तेरा दिवस आम्ही टीव्ही चादरीखाली झाकून ठेवला होता. तो रिवाज आमच्याकडे कडक. चौदाव्याचं गोड झालं, चादर काढली, भाऊ गेला, आणि दुसऱ्या दिवशी बाबांनी स्टूल घेऊन गेम खाली काढला. वायरी कुठे खुपसायच्या हे त्यांना कुणी सांगायला नको होतं, हयात मशीनवर गेली होती. त्यात रणगाड्यांचा एक खेळ होता. खाली विटांच्या कुंपणात आपला किल्ला असतो, वरून शत्रूचे रणगाडे येतात, आपण एकट्याने तो किल्ला सांभाळायचा. बाबा पेपर वाचून झाला की बसायचे ते जेवणापर्यंत, आणि दुपारची झोप झाली की पुन्हा. किल्ला पडायचाच. पडला की परत पहिल्यापासून. कारखान्यात प्रेस मशीनजवळ उभं राहून राहून त्यांचे कान कमी झालेले, त्यामुळे आवाज कायम फुल्ल.

मला त्याचं काय वाटायचं, तर काही नाही. खरंच काही नाही. मी तेव्हा नौपाड्यात एका दातांच्या डॉक्टरांकडे रिसेप्शनला होते. दाढ काढलेले पेशंट खुर्चीतून उठून बाहेर यायचे आणि गाल दाबून बघत म्हणायचे, "गाल आहे की नाही तेच कळत नाहीये." आधी मला त्यांचं हसू यायचं. आता वाटायचं, बरोबर बोलतायत.

मी रडले नव्हते. हॉस्पिटलात नाही, आईला घरी आणलं तेव्हा नाही, उचललं तेव्हाही नाही. बायका भेटायला यायच्या, मला कवटाळून हमसून रडायच्या, मग बाजूला होऊन माझं तोंड बघायच्या. मी विचारायचे, "पाणी देऊ?" तेव्हा त्या एकमेकींकडे बघायच्या. निघताना "येते" म्हणायचं नसतं म्हणून नुसत्या उठून जायच्या, आणि जिन्यात गेल्यावर त्यांचं कुजबुजणं सुरू व्हायचं. कळत होतं मला सगळं. पण डोळ्यांना पाणी येत नाही म्हटल्यावर काय कांदे चिरत बसू?

बाबांची बहीण, म्हणजे माझी आत्या, कल्याणला राहायची. दिवसकार्य होईपर्यंत ती आमच्याकडेच होती. नंतरही दर आठवड्याला डबा घेऊन यायची. तिचा जीव होता आमच्यावर, पण जीभ कात्रीची. "रडून घे गं बाई एकदाची," म्हणायची, "आत कोंडून ठेवलंस तर दुखणं होऊन बसेल." काकूंनी चाळण आणून दिली त्याच आठवड्यात ती आली, तर बाबा रणगाडे घेऊन बसलेले. आत्या स्वयंपाकघरात आली, पदराने घाम पुसला आणि म्हणाली, "एकीच्या डोळ्यात पाणी नाही, दुसऱ्याचा टीव्ही बंद नाही. अगं, वर्ष जायचंय अजून. गेलेल्या बाईचं कुणाला काही आहे की नाही, असं विचारतील लोक." मी म्हटलं, "लोकांना म्हणावं स्वतःच्या घरात बघा." पण ते वाक्य माझ्या डोक्यात जाऊन बसलं ते बसलंच. आईचं कुणाला काही नाही. मी मेले असते तर आईने काय आकांत केला असता ते मला माहीत होतं, आणि तिच्या वाटणीला आम्ही दोघं असे आलो होतो. ती वर्षभर तरी कुणाला आठवतेय असं निदान दिसायला हवं, ऐकू यायला हवं, एवढंच मला कळत होतं.

बाबांना खेळू नका म्हणणं जमणार नव्हतं. आवाज कमी करा म्हटलं, त्यांनी मुकाट्याने केला, आणि थोड्या वेळाने परत वाढवला, कारण ऐकूच येईना. आमच्या टीव्हीला बाजूला इअरफोनचं एक भोक होतं. घेतल्यापासून त्याला कुणी हात लावला नव्हता. मी ठरवलं, हेडफोन आणायचा. घर सुतकी वाटावं म्हणून गेमला हेडफोन घेणारी ठाण्यात मी एकटीच असेन.

नौपाड्यातल्या दुकानात विक्रेत्याने विचारलं, "म्युझिक कुठलं ऐकता मॅडम?" मी म्हटलं, "गेमसाठी हवाय." "मुलासाठी का?" "वडिलांसाठी." त्याने आधी भारीतले दाखवले, माझा चेहरा बघून आत ठेवले आणि वॉकमनचे काढले, फोमच्या गोल गाद्यांचे. बाकीची गिऱ्हाइकं हेडफोन स्वतःच्या कानाला लावून बघत होती. मी विक्रेत्याला म्हटलं, "तुम्ही लावा, आवाज फुल्ल करा," आणि मी काउंटरच्या अलीकडे कान देऊन उभी राहिले. चिरचिर चिरचिर सगळं बाहेर ऐकू येत होतं. "बाहेर ऐकू येतं हो," मी म्हटलं. तो म्हणाला, "मॅडम, लोक आत कसं ऐकू येतं ते बघतात." शिवाय वायर इतकी तोकडी की बाबांना टीव्हीच्या काचेला नाक लावून बसावं लागलं असतं. दुसऱ्या दुकानातही तेच. एकतर गळका, नाहीतर आवाक्याबाहेरचा.

रविवारी आत्याची पातेली परत करायला कल्याणला गेले. तेराव्याच्या जेवणापासून ती आमच्याकडेच पडली होती. परत येताना स्टेशनजवळच्या एका गल्लीत टीव्ही रिपेअरचं आणि कॉम्प्युटरच्या सुट्या सामानाचं एक दुकान दिसलं, तिथे विचारलं. दुकानदाराने सगळं ऐकून घेतलं आणि खालच्या खणातून एक काळा हेडफोन काढला. कान पूर्ण झाकणाऱ्या वाट्या, आणि डाव्या वाटीतून तोंडापर्यंत आलेली एक दांडी, तिच्या टोकाला माईक. "कॉम्प्युटरचा आहे," तो म्हणाला, "माईक गेलाय ह्याचा, म्हणून कुणी घेत नाही. तुम्हाला कुणाशी बोलायचंय का?" मी म्हटलं, "नाही, नुसतं ऐकायचंय." "मग अर्ध्यात घेऊन जा." वर एक छोटी पिन दिली, ती नाही लावली तर एकाच कानात येईल म्हणाला, आणि वायर वाढवायला आणखी एक तुकडा. मी त्यालाच तो घालायला लावला, टेपवर काहीतरी मोठ्याने लावायला सांगितलं आणि पार पलीकडच्या टपरीपासून दुकानापर्यंत चालत आले. अगदी जवळ आले तरी काही नाही. घेतला.

बाबांनी तो उलटासुलटा करून बघितला. "माईक कशाला?" मी म्हटलं, "तो बंद आहे. कुणाला आवाजाचा त्रास नको म्हणून आणलाय." त्यांनी एकदा दाराकडे बघितलं, बहुतेक समजले. डोक्यावर चढवला, दांडी तोंडासमोर आली. क्रिकेटची कॉमेंट्री करायला बसल्यासारखे दिसत होते. आई असती तर पोट धरून हसली असती. मला हसूही आलं नाही.

घर गप्प झालं. बटणांची टकटक तेवढी यायची. काकू म्हणाल्या, "आता कसं बरं वाटतं." आत्यानेही मान डोलावली, म्हणाली, "शोभतं." मला वाटलेलं, निदान आता हायसं वाटेल. नाही वाटलं. फक्त एक अडचण वाढली, बाबांना हाक ऐकू जाईना. आमच्या घरात खांद्यावर हात ठेवून बोलवायची पद्धत नाही, म्हणून जेवायला बोलावताना मी ट्यूबलाइट बंद-चालू करायचे. मग ते उठायचे, दोघं समोरासमोर जेवायचो, भाजीत मीठ कमी असलं तरी कुणी बोलायचं नाही.

एका संध्याकाळी क्लिनिकमधून परत आले तर जिन्यातच बाबांचा आवाज आला, चांगला मोठा. मला वाटलं, कुणी पाहुणे आलेत. वर आले तर काकू त्यांच्या दारात उभ्या, डोळ्यांना पदर. मला बघितल्यावर त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. आमचं दार नेहमीसारखं लोटलेलं होतं, आत बाबांशिवाय कुणी नव्हतं.

"डावीकडून येतोय बघ," बाबा म्हणत होते. "थांब, ह्याला उडवतो. हां." मग नुसती टकटक. मग, "येईल ती आता. येते, भात लावते, माझ्यापुढे ताट ठेवते. रडत नाही गं ती. बायका काय वाटेल ते बोलतात तिला, मला समजतं. तुझ्याशी बोलली असती. माझ्याशी काय बोलणार? आणि मी समोर बसून रडायला लागलो तर त्या पोरीने कुणाकडे बघायचं? म्हणून हे घेऊन बसतो." परत टकटक. "गेला बघ किल्ला. मला नाही जमत हे एकट्याने."

कान झाकलेल्या माणसाला आपला आवाज केवढा आहे ते समजत नाही. त्यांना वाटत असणार, आपण मनातल्या मनात पुटपुटतोय. काकू माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "रोज बोलतात गं, तू यायच्या आधी. सगळ्यांना ऐकू जातं, खालच्या मजल्यापर्यंत. कुणी काही म्हटलं नाही. तूही सांगू नकोस त्यांना, बंद करतील." आणि त्या आत गेल्या, दार अगदी हळू लावून घेतलं.

मी चपला काढल्या आणि आत जाऊन त्यांच्या मागच्या पलंगावर बसले. त्यांना पत्ता नाही. नवा डाव सुरू झालेला. मी म्हटलं, "बाबा." मग म्हटलं, "बाबा, मला रडूच येत नाही हो. मी मुद्दाम नाही करत. आईचा चेहरा आठवायला गेले की नाकातली नळीच दिसते, पुढे काही दिसत नाही. मला भीती वाटते, मला कधीच येणार नाही." त्यांच्या पाठीशी बोलत होते, त्यांच्या मानेच्या पांढऱ्या केसांशी. ते बटणं दाबत होते. एवढं सगळं मी आई गेल्यापासून कुणाशीच बोलले नव्हते.

किल्ला पडला, स्क्रीन काळी झाली, तेव्हा त्यांना काचेत मी दिसले. त्यांनी हेडफोन काढला. "कधी आलीस?"

"आत्ताच."

"भात लावतेस ना?"

मी हो म्हटलं आणि उठलेच नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि स्वतःच आत गेले. डब्यातून तांदूळ काढल्याचा आवाज आला, मग नळाचा. नळ त्यांनी भलताच मोठा सोडला होता, आणि एवढ्याशा तांदळाला लागतो त्याहून किती तरी जास्त वेळ तो चालू ठेवला. मी पलंगावर तोंडात ओढणी कोंबून रडत होते ते त्यांना ऐकू गेलं की नाही, ते मी कधी विचारलं नाही.