अंग टेकलं तिथनंच

हे आत्ताच्या आत्ता सांगितलं नाही तर मला चैन पडणार नाही. पायातले बूटसुद्धा काढले नाहीयेत, आई चहाला हाका मारतेय आणि मी टाइप करत सुटलेय. चुकलंमाकलं तर समजून घ्या.

गेल्या वर्षी माझ्या फुफ्फुसात पाणी झालं. टीबीचं निघालं. त्याआधी मी घरापासनं अक्कलकोट रोडनं कुंभारीपर्यंत पळत जायचे आणि पळतच परत यायचे, तेपण सोबतच्यांशी गप्पा मारत! हाफ मॅरेथॉन पळायचे. मग गोळ्या, उलट्या, महिन्यामागनं महिने गादीवर. कोर्स संपला तेव्हा डॉक्टर म्हणाले, पळ, पण हळूहळू वाढव. मी त्यातलं 'पळ' एवढंच ऐकलं. दुसऱ्याच दिवशी घड्याळात जुना पेस, म्हणजे आजाराआधीचा वेग लावला आणि निघाले. वाटेतल्या पेट्रोल पंपापाशीच श्वास संपला, बरगडीत कळ आली, पुढचे कितीतरी दिवस अंगच उचलेना. बरं वाटलं की परत जुना पेस, परत पंप, परत गादी. हेच चाललं होतं. आमच्या पळणाऱ्यांच्या ग्रुपमधला एकजण बाजूनं जाता जाता ओरडला, "काय बे, मॉर्निंग वॉक का आज?" चेष्टाच होती, तो सगळ्यांची करतो. पण मी घरी येऊन बाथरूममध्ये नळ सोडून रडले. पळता येत नसेल तर मी कोण, हेच मला कळेना. दवाखान्यात असताना अखंड अक्कलकोटच्या स्वामींचा जप करायचे, तोपण आता तोंडातनं निघेना. माळ हातात घेतली की नुसता राग यायचा.

आज गुरुवार. निघताना स्वामींच्या फोटोपुढं उभी राहिले आणि चक्क धमकी दिली. म्हटलं, आज कुंभारी झाली तर झाली, नाहीतर बूट कुणालातरी देऊन टाकते आणि परत तुमच्यापुढं रडायला येत नाही.

नाहीच झाली. निम्म्यातपण पोचले नाही. पायात गोळे आले, डोळ्यांपुढं अंधारी आली, रस्त्याकडेला उलटी झाली. कडुलिंबाच्या बुडाशी बसले आणि मोठ्यानं म्हणाले, "तुम्ही नाहीच आहात बहुतेक." असं बोलल्यावर भीती वाटायला पाहिजे होती. काहीच वाटलं नाही. ते जास्त वाईट होतं, त्याचंच रडू आलं.

तेवढ्यात दोन बायका आल्या. एक रस्त्याच्या कडेनं दंडवत घालत येत होती. पालथं झोपायचं, हात पुढं जोडायचे, बोटं पोचली तिथं रेघ, मग उठून त्या रेघेवर उभं राहायचं आणि परत झोपायचं. दुसरी तिची नणंद, हातात पाण्याची बाटली, पायानं खडे बाजूला सारत आणि वाकून रेघ ओढत.

नणंदबाई माझ्यापाशी थांबल्या. "ए पोरी, कशाला रडलालीस? कुणी काय बोललं व्हय?"

"पळता येईना मावशी."

"मग चाल की! कुत्रं लागलंय काय मागं?"

मला रडता रडता हसू आलं. दंडवतवाली मावशी धुळीतनंच म्हणाली, "वन्सं, चेष्टा राहू दे, पाणी द्या तिला." मी पाणी प्यायले. मग नणंदबाई कंबर धरत म्हणाल्या, "आता रेघ तू ओढ जरा. वाकून वाकून माझं कंबरडं मोडलं."

मी दगड घेतला आणि त्यांच्याबरोबर निघाले. मावशीच्या कपाळाला खडे रुतले होते, कोपरं सोलली होती. मला बघवेना. म्हणून एकदा मी रेघ तिच्या बोटांच्या जरा पुढं ओढली, म्हटलं तेवढाच त्रास वाचेल. ती उठली, रेघेकडं बघितलं आणि पाय ठेवेनाच.

"ही माझी न्हाई."

"थोडीशीच पुढं आहे मावशी."

"थोडी असू दे न्हाईतर लई. माझं अंग तितं टेकलंच न्हाई, मग तितनं उठू कशी?"

रागावली नाही. पायानं माझी रेघ पुसली, मागच्या रेघेवर गेली आणि परत झोपली.

नणंदबाई करवादल्या, "अशीच हाय ही! रोज जितं थांबतो तितं खूण करून रिक्षानं घरी जातो. काल पार त्या वळणापातूर गेलतो की. सकाळी बघतो तर खुणेवर मुरूम टाकलेला. म्हटलं वैनी, अंदाजानं धर. न्हाई म्हंजे न्हाई! परवाच्या खुणेपासनं परत सगळं."

माझ्या अंगावर काटा आला. म्हणजे ती खूण बुजली नसती तर आज या दोघी पार पुढं असत्या, इथं असायलाच नको होत्या.

नवस कशाचा, असं विचारलं. मावशी म्हणाली, "मालक आजारी हुते. बरे झाले तर अक्कलकोटापातूर दंडवत घालत येते म्हटलं हुतं."

"झाले ना बरे?"

"न्हाई. गेले."

"मग... तरी?"

"माणूस गेलं, बोललेलं हाय की अजून." कपाळाची माती पुसत ती जरा हसली. "आणि फेडायला कुटं, भांडायलाच चाललीय मी त्या स्वामीशी. पण भांडायला जायचं तरी नीट जावं लागतंय."

मी दगड नणंदबाईंना परत दिला आणि त्या पुढं गेल्या. इतके दिवस मी काय करत होते? आजाराआधीच्या रेघेवर उभं राहायला बघत होते. माझं आत्ताचं अंग तिथं टेकलेलंच नव्हतं, आणि उठता येत नाही म्हणून स्वामींवर दात खात होते.

मग घराकडं तोंड करून पळाले. हळू, इतकं हळू की सायकलवाले आजोबा वळून बघत गेले. पुलाच्या कठड्यापाशी दम संपला. यावेळी ओढत नेलं नाही स्वतःला. थांबले, वाकले, रस्त्याला हात लावून कपाळाला लावला. खूप थोडं अंतर होतं ते. लाजपण वाटली. पण ते सगळं माझं होतं. बाकीची वाट चालत आले, रडतच, पण जप आपोआप सुरू झाला होता.

जुनं पळणं परत येईल का, माहीत नाही. येईल असं मला कुणी सांगितलेलं नाही, आणि ती भीती आत्ताही पोटात आहे. मागितलं ते स्वामींनी दिलंच नाही. पण "तुम्ही नाहीच" म्हणणारीकडं त्यांनी माणूस मात्र पाठवलं, तेपण स्वतःचंच दुःख ओढत चाललेलं. कितीही हात जोडले तरी कमीच. उद्या सकाळी जेवढं होईल तेवढं पळेन आणि जिथं संपेल तिथं वाकेन. पुढचं त्यांचं ते बघतील.

तुमच्या वाटेत कधी असं कुणी आलंय का, जे खरंतर त्या दिवशी तिथं असायलाच नको होतं? सांगा की.