शुक्रवारची टेप

गल्ली तिला टेपमावशी म्हणायची. टायपिंगची नोकरी सुटल्यावर ती घरीच कागदपत्रं टाइप करायची आणि संध्याकाळी कॉम्प्युटरमधलं सगळंच्या सगळं एका जुन्या यंत्राने कॅसेटसारख्या टेपवर उतरवायची, कॉम्प्युटर बिघडला तर परत मिळावं म्हणून. सोमवार ते शनिवार, वाराची एक टेप. शुक्रवारची घरात ठेवायची नाही, खालच्या शिंपीणबाईंच्या कपाटात. कुणी स्वस्तातली वापरलेली टेप आणली की म्हणायची, "दुसऱ्याचं उष्टं माझं यंत्र खात नाही."

भाचीच्या अंगावरचे वळ, फुटलेला ओठ, मोडलेलं मनगट; तीन वर्षांचे फोटो त्याच टेपांवर होते. मोबाइलमधले तिच्या नवऱ्याने पुसले होते. दोन दिवसांवर कोर्टाची तारीख होती.

भर दुपारी तोच जावई आला तो लोखंडी पान्हा घेऊनच.

"मावशी, फोटो कुठायत?"

"बस, पाणी देते."

पहिला घाव कॉम्प्युटरवर बसला, दुसरा टेपच्या यंत्रावर, तिसरा मावशीच्या खांद्यावर. फळीवर उभ्या लावलेल्या टेपा त्याने खाली ओढल्या. एकेक फोडून आतडं काढावं तशी पट्टी बाहेर काढली. टेपांवरच्या वारांच्या चिठ्ठ्या वाचता वाचता थबकला.

"शुक्रवार कुठाय?"

त्याने मावशीची करंगळी मागे दाबली, कट् आवाज येईपर्यंत. तिने देवाचं नाव घेतलं आणि त्याच तोंडाने खोटं बोलली, "शुक्रवारी यंत्राची साफसफाई असते. ती बघ, सफाईची टेप."

टेपवर तिच्याच अक्षरात 'सफाई' लिहिलेलं होतं. त्याने तीही टाचेखाली चिरडली. "आता दाखव म्हणावं कोर्टात!" जाता जाता बरगडीत लाथ घातली.

'देवा, एवढं खोटं पोटात घाल,' म्हणत ती जिन्यापर्यंत सरपटत गेली. शिंपीणबाईंनी किंकाळी फोडली.

दुसऱ्या दिवशी हाताला प्लास्टर, बरगड्यांना पट्टा अशी ती भाचीला घेऊन मेकॅनिककडे बसली होती. तसलं यंत्र गावात त्याच्याकडेच उरलेलं. शिंपीणबाईंच्या कपाटातली टेप आत गेली, पुढे पळाली, मागे आली, परत पुढे, आणि अडकली. भाचीचा श्वासही अडकला. मेकॅनिकने पुन्हा बटणाकडे बोट नेलं.

"हात लावू नका!" मावशी ओरडली. "टेप वाचणारं हेड मळकं असलं की पट्टी खरवडली जाते. तुमचं यंत्र आंघोळ करतं की नाही कधी?"

"वर्षं झाली, मावशी."

"मग घाला आधी!"

मेकॅनिकने खणातून काढलेली सफाईची टेप तीनदा फिरली. मग शुक्रवारची पुन्हा आत गेली. खरखर झाली, एक लांब, सरळ आवाज लागला आणि पडद्यावर फुटका ओठ आला.

भाची बघतच राहिली. "ही मी आहे?" म्हणाली आणि तिचा बांध फुटला.

"अजून बावन्न फोटो आहेत," मावशी म्हणाली. तिची नजर यंत्राच्या दिव्यावरून हलली नव्हती. "सगळे उतरू देत, मग रड."