मुंबईची खुर्ची

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. यजमानांना नाही, सख्ख्या बहिणीला नाही. फार मोठं काही आहे असंही नाही — एका खुर्चीची गोष्ट. तुम्ही म्हणाल, खुर्चीपायी एवढं काय? मीही कित्येक वर्षं स्वतःला तेच विचारत आले.

निजामाचं राज्य होतं. यजमान जालन्याच्या कोर्टात वकिली करायचे आणि आम्ही मस्तगडात राहायचो. माझा डावा पाय लहानपणी मोडला, तो नीट जुळलाच नाही. दोन बोटं आखूड राहिला. लंगडण्याचं मला काही वाटेनासं झालं होतं. त्रास व्हायचा तो जमिनीवरून उठताना. भिंत धरायची, आणि आधी कुणी बघत नाही ना ते बघायचं. दुसऱ्या बाळंतपणानंतर तर भिंत धरूनही उठवेना. तेव्हा यजमान म्हणाले, तुझ्यासाठी खुर्ची करून घेऊ. घरातल्या बाईनं खुर्चीत बसायचं — ही तेव्हा साधी गोष्ट नव्हती, पण त्यांनी मनावर घेतलं.

आमच्या गल्लीच्या टोकाला भुजंग मिस्त्रीची पत्र्याची शेड होती. हा सुतार मूळचा जाफराबादकडचा. लोक त्याच्याकडं कॅटलॉगातली चित्रं घेऊन यायचे, मला हुबेहूब अशीच पाहिजे म्हणायचे. तो चित्र नीट बघायचा आणि परत द्यायचा. "ही दुसऱ्या कुणासाठी केल्याली हाये. तुम्हाला कशी पायजे ते सांगा." गिऱ्हाईक चिडून निघून जायचं. म्हणून त्याच्याकडं बाजांचं आणि पेरणीच्या तिफणींचंच काम जास्त असे. स्वतःच्या मनातलं काम वर्षाकाठी एखादंच.

आमच्याकडं आला तेव्हा त्यानं आधी खुर्चीचं नावच काढलं नाही. म्हणाला, "बाई, एकदा खाली बसून उठून दावा."

मी यजमानांकडं पाहिलं. मग बसले, आणि भिंत धरून उठले.

"कोणता पाय आखूड हाये? डावा?"

इतकं सरळ मला कुणी कधी विचारलं नव्हतं. लोक एक तर बघायचे नाहीत, नाही तर हळहळायचे. त्यानं सुतळीनं माप घेतलं, गाठ मारली, आणि सुतळी खिशात घालून निघून गेला.

दोन महिन्यांनी खुर्ची आली. सागवानाची, वेतानं विणलेली. हात असे की उठताना तळवा आपोआप त्यावर टेकावा. पाठीवर नक्षी अगदी थोडी — कपाशीची दोन बोंडं, एक मिटलेलं, एक उललेलं. आणि बैठकीखाली, बाहेरून दिसणार नाही अशी, पाय ठेवायची फळी. पुढं ओढली की यायची. ती फळी डावीकडं दोन बोटं उंच होती. मी बसले आणि पाय मोडल्यापासून पहिल्यांदा माझे दोन्ही पाय सारखे टेकले. भुजंग समोर उकिडवा बसून नुसता माझ्या पायांकडं बघत होता. मी रडले. त्याच्यासमोरच.

हे एवढं सविस्तर का सांगते? कारण त्यानं काय दिलं होतं ते मला पुरतं ठाऊक होतं. समजलं नव्हतं, असं मला म्हणताच येणार नाही.

पुढच्या वर्षी पुण्याहून वन्संचं पत्र आलं. वन्सं म्हणजे माझी थोरली नणंद. त्यांचे यजमान नवा बंगला बांधत होते, सगळं फर्निचर करून घ्यायचं होतं. हैदराबादला जाताना वाट वाकडी करून एक दिवस आमच्याकडं उतरणार होते. मी स्वतः — कुणी सांगितलं नव्हतं मला — भुजंगच्या शेडवर गेले. म्हटलं, मिस्त्री, ही खुर्ची मी त्यांना दाखवते. तुम्ही तुमची चित्रं घेऊन या. पुढचं मी बोलते.

तो महिनाभर चित्रं काढत होता. यजमानांनी दिलेले कोर्टातले रद्दी कागद, एका बाजूला उर्दू, कोऱ्या बाजूला ह्याची पेन्सिल. मधूनच येऊन विचारायचा, तुमच्या वन्सं उंच हायेत का ठेंगण्या? साहेब वाचताना उजेड कुठून घेत्यात? एकदा म्हणाला, "हे काम भेटलं तर बाजा-तिफणी बंद, बाई. स्टेशनाकडं मोठी जागा बघून राह्यलो."

ते आले त्या दिवशी यजमान एका खटल्यासाठी औरंगाबादला गेले होते. वन्सं आल्या त्याच नाक मुरडत. गाडी कशी, रस्ते कसे, "ह्या मोगलाईत तुम्ही दिवस कसे काढता गं?" दर वेळचंच होतं ते. मी हसून घेत होते. तेवढ्यात त्यांचं खुर्चीकडं लक्ष गेलं. त्या उठल्या, हात फिरवला, बसून बघितलं. फळी आत होती, ती त्यांना दिसली नाही.

"अगंबाई, ही मुंबईची दिसते!"

त्यांच्या आवाजात माझ्याबद्दल असं काही मी कधी ऐकलं नव्हतं. आणि मी — हो म्हटलं. "हो, मुंबईहूनच मागवली."

बस. एवढंच. माझ्या पायाची लाज वाटली असंही नाही. तो त्यांना लग्नापासून माहीत होता. कुणी धाक घातला नव्हता. फक्त ते एक वाक्य मला गोड लागलं.

लगेच खरं सांगता आलं असतं ना? आलं असतं. मी चहा आणायला आत गेले. बाहेर आले तेव्हा भुजंग ओसरीत उभा होता. धुतलेलं धोतर, डोक्याला नवा पटका, काखेत कागदांची गुंडाळी. वन्संचे यजमान त्याला खुर्ची दाखवत होते.

"ही बघ मिस्त्री, मुंबईची आहे. असं काम जमेल तुला?"

भुजंगनं खुर्चीकडं पाहिलं. मग माझ्याकडं. माझ्या हातात कपबशा होत्या. मी कपबशांकडंच बघत राहिले. त्याचं एक वाक्य बाकी होतं आणि माझी लबाडी उघडी पडणार होती. मी वाट बघत होते.

"न्हाई साहेब," तो म्हणाला. "असं काम माझ्याच्यानं व्हायचं न्हाई."

गुंडाळी त्यानं उलगडलीच नाही. रामराम करून पायऱ्या उतरला.

मला सांभाळून घेतलं त्यानं? का माझी खरी किंमत दाखवून दिली? मला अजून कळलेलं नाही. तेव्हा मात्र मला फक्त सुटल्यासारखं वाटलं — हेही सांगायलाच हवं. दुपारच्या गाडीनं ते दोघं गेले. यजमान परतल्यावर मी सांगितलं, चित्रं त्यांना पसंत पडली नाहीत. यजमानांना वाईट वाटलं. ते स्वतः शेडवर जाऊन त्याची समजूत काढून आले. मला म्हणाले, भला माणूस आहे, नुसतं "बराबर हाये" म्हणाला.

पहिलं खोटं तोंडातून निसटलं असं एखादा म्हणेल. पण पुढं ऐका. दोनेक महिन्यांनी वन्संचं पत्र आलं. मुंबईच्या दुकानांतून बाकी सगळं घेतलं, पण तुझ्या खुर्चीसारखी कुठंच मिळेना. तुझ्या दुकानाचं नाव कळव, सहा करून घेऊ. देवानं आणखी किती वाट दाखवायची? दुकान आमच्या गल्लीच्या टोकाला होतं. रंध्याचा आवाज घरात ऐकू येत होता. मी दौत-टाक घेतला, त्याच खुर्चीत बसले, पाय सारखे टेकवले, आणि सावकाश लिहिलं — ते दुकान आता बंद झालं.

वर्ष-दीड वर्षानं मी त्याच्याकडं गेले. सांगायचं ठरवूनच गेले होते. शेडमध्ये भिंतीला कॅटलॉगाचं पान खिळ्यानं टोचलेलं होतं आणि भुजंग त्याच्याकडं बघून माप घेत होता. तसल्याच चार खुर्च्या बाजूला तयार होत्या.

मी म्हटलं, "मिस्त्री, ही तर चित्रातली."

"हां. गिऱ्हाईकाला पायजे ते देऊन राह्यलो, बाई."

रागानं नाही म्हणाला. राग असता तर मला बोलता आलं असतं कदाचित — नाही, हेही खोटंच. मी म्हणाले, खुर्चीचा वेत सैल झालाय.

दुसऱ्या दिवशी तो आला. ओसरीत बसून दुपारभर वेत विणला. जाताना फळी पुढं ओढून बघितली, आत सारली. विचारलं, "पाय बराबर टेकत्यात ना?"

मी मान हलवली.

त्यानंतर थोड्याच दिवसांत शेड रिकामी करून तो जाफराबादला परत गेला. तिथं बाजा, तिफणी, बैलगाडीची चाकं करायचा म्हणे. निजामाचं राज्य जायच्या आधीच वारला. वन्संही गेल्या, यजमानही गेले. ज्यांना सांगायला हवं होतं त्यांच्यातलं कुणीच उरलं नाही, आणि आता मी सांगते आहे. ह्याला हिंमत म्हणत नाहीत.

ती खुर्ची मुंबईची नव्हती. भुजंग मिस्त्रीनं केली होती, मस्तगडात, माझ्यासाठी. मला हे माहीत होतं आणि मी बोलले नाही.