त्रिवेणी सिस्टरच्या हातचं काम

हैदराबादेत चिक्कडपल्लीच्या त्या वृद्धाश्रमात त्रिवेणी नर्स म्हणून लागली तेव्हा तिची मुलगी केतकी रांगत होती. आता ती कॉलेजात जात होती. एवढ्या वर्षांत सकाळच्या गोळ्या त्रिवेणीच्याच हातून जात. गोळी देण्याआधी ती ताटलीत नजर टाकायची, खाणं झालंय का, कोणाचा हात गार लागतोय का ते बघायची. भामाबाई तर तिची वाटच पाहत. सगळीकडे तेलुगू नाहीतर दख्खनी; मराठीत बोलायला त्यांना एवढी एकच.

मग मालक मकरंदनं गोळ्या वाटायला वेगळ्या मुली घेतल्या, तीन महिन्यांचा कोर्स केलेल्या. एका नर्सच्या पगारात दोघी येतात, हे त्यानं हसत सांगितलं. ओझं उतरलं म्हणून त्रिवेणीला आधी बरंच वाटलं. पण लवकरच खालच्या मजल्याची नर्स गेली ती गेलीच, दुसरी आली नाही. दोन्ही मजल्यांची इंजेक्शनं आणि ड्रेसिंग त्रिवेणीच्या गळ्यात पडली. वर पगारही कापला. गोळ्यांचं काम आता तुमच्याकडे कुठंय, असं मकरंदचं म्हणणं. काही चुकलं तर मात्र जबाब नर्सनंच द्यायचा.

त्या मुलींतली चारुलता अंबरपेठची, जेमतेम वीस वर्षांची. एका सकाळी ती धावत वर आली. भामाअम्मांनी इडलीला हात लावला नव्हता; उपाशीपोटी शुगरची गोळी द्यायची का, असं तिनं विचारलं. त्रिवेणीच्या हातात एका आजोबांची उघडी जखम होती. ती म्हणाली, "थांब, मी येते."

तिला यायला उशीर झाला. तोवर मॅनेजरनं चारुलताला, गोळ्यांची ट्रॉली अजून इथंच का, म्हणून झापलं होतं. घाबरून तिनं गोळी दिली. त्रिवेणी खाली उतरली तेव्हा भामाबाई घामानं भिजल्या होत्या आणि हाकेला ओ देत नव्हत्या. त्रिवेणीनं ग्लुकोज चढवलं, ॲम्ब्युलन्स बोलावली. दवाखान्यात त्या शुद्धीवर न येताच गेल्या.

त्यांचा मुलगा माधव पुण्याहून येण्याआधी मकरंदनं त्रिवेणीला केबिनमध्ये बोलावलं. पोरीनं कोणाला काही विचारलंच नाही, एवढं सांगा, तुमची नोकरी राहील, असं तो म्हणाला. त्रिवेणीनं होय म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही.

माधव समोर बसला तेव्हा तो रडत नव्हता. तेच तिला सोसवेना.

"त्या मुलीनं मला विचारलं होतं," ती म्हणाली. "मी वर अडकले होते. खाली दुसरी नर्स नव्हती."

माधव म्हणाला, "नर्स तर तुम्हीच होतात ना?"

संध्याकाळी मकरंदनं तिला आणि चारुलताला, दोघींनाही कामावरून काढलं. बसस्टॉपवर चारुलता तिला बिलगून रडली. त्रिवेणीनं तिच्या पाठीवरून हात फिरवला.

नंतर ती बरीच नर्सिंग होम हिंडली. आमच्याकडे नर्स आहे, सिस्टर, असं सगळीकडे ऐकू आलं. शेवटी काचीगुड्याच्या एका ठिकाणी जागा निघाली, ती गोळ्या वाटण्याची. पगार त्या मुलींना मिळतो तेवढाच. एवढा अनुभव असून हे चालेल का, असं तिथल्या बाईंनी संकोचानं विचारलं.

त्रिवेणीनं पदर सारखा केला. उद्यापासून येते, म्हणाली.